चार दिवसांत दोन बेडरूम आणि हॉल रंगवायचा असेल तर

एका ताईंनी विचारलंय की पुण्यात ६६० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके फ्लॅट आहे, शेवटचा रंग १० वर्षांपूर्वी लावला होता, भिंती तशा बऱ्या आहेत पण कुठे कुठे पोपडे धरलेत, दिवाळीच्या आधी ४ दिवस सुट्टी मिळतेय, त्या आणि त्यांचे मिस्टर दोघं मिळून स्वतः रंगवणार आहेत, तर पटापट कसं उरकायचं आणि चार दिवसांत होईल का.

होईल. पण ते चार दिवस फक्त रंगाचे असले पाहिजेत. भिंती घासणं, पुट्टी भरणं, सामान सरकवणं हे सगळं त्या चार दिवसांत धरलंत तर चौथ्या दिवशी रात्री तुम्ही एका बेडरूममध्ये अर्ध्या रंगलेल्या भिंतीसमोर उभे असाल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. मी २२ वर्ष हे काम करतोय, पहिली सहा वर्ष दुसऱ्याच्या हाताखाली, आणि लोकांना अजून वाटतं की फास्ट पेंटर म्हणजे ज्याचा हात फास्ट चालतो. हाताचा फरक थोडाच असतो हो. १० बाय १२ च्या खोलीला, दोन माणसं धरून, रंगाचा डबा उघडल्यापासून शेवटचा हात (म्हणजे रंगाचा थर) मारेपर्यंत खरं काम असतं साधारण पाच तासांचं. त्याच खोलीची तयारी सहा-सात तास खाते आणि वर सुकायला लागणारा वेळ वेगळा. त्यामुळे वेळ वाचवायचा तर तो तयारीच्या आखणीत आणि सुकण्याच्या वेळेचा वापर करण्यात वाचतो.

आधी भिंत ओळखा, त्याशिवाय दुकानात जाऊ नका. हात कोरडा करून भिंतीवर जोरात चोळा. हाताला पांढरी पावडर लागली तर खाली डिस्टेंपर (खडूच्या भुकटीचा स्वस्त रंग) आहे किंवा रंग मेलाय, त्याच्यावर नवीन इमल्शन (पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग) थेट लावलं तर रोलरलाच चिकटून पापुद्रे निघतात, मी निघताना बघितलेत, अख्खा तवाएवढा तुकडा रोलरला गुंडाळून येतो. तो थर खरवडून, ओल्या फडक्याने पुसून काढावाच लागतो. हाताला काही लागलं नाही आणि पृष्ठभाग चकचकीत, पाणी टाकलं तर ओघळून जातंय, तर जुना ऑइल पेंट असू शकतो, जुन्या किचनमध्ये आणि पॅसेजमध्ये खाली चार फुटापर्यंत तो असायचाच. त्याच्यावर पॉलिश पेपर मारून चमक घालवल्याशिवाय काही धरत नाही. आणि इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, जुन्या ऑइल पेंटवर, दारांवर, खिडकीच्या चौकटींवर कोरडा पेपर मारू नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असावं हा नियम २०१६ ला आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याच्या आधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता असते. घरात लहान मूल असेल तर ती धूळ फार वाईट. पाण्याचा पेपर घ्या, भिंत ओली करून घासा, लगदा फडक्याने पुसून पिशवीत बांधून टाका. वेळ तेवढाच लागतो आणि धूळही उडत नाही.

आता ओल. हे जरा लांबेल पण वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. पोपडे कुठे आलेत ते बघा. बाथरूमच्या मागच्या भिंतीला, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, वरच्या मजल्यावर असाल तर सिलिंगला, किंवा जमिनीपासून दीड-दोन फुटापर्यंत, यापैकी कुठेही असतील तर आत पाणी आहे असं धरून चाला. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे फूटभर चौकोनी जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीतून येतंय. मग तिथे कितीही भारी रंग लावा, सहा महिन्यांत फुगणार. आधी बाथरूमच्या टाइल्सचे सांधे, नळाची लाइन, खिडकीबाहेरची फट यातलं काय ते बघून बंद करा, भिंत सुकू द्या आणि तेवढा भाग या वेळी रंगाविना राहिला तरी चालेल. पाहुण्यांना दिसू नये म्हणून त्याच्यासमोर कपाट ठेवा हवं तर, पण ओल्या भिंतीवर रंग लावू नका.

माझ्या हातून हे झालेलं आहे म्हणून कळकळीने सांगतोय. माझं गाव चिपळूणकडचं. कोकणात घरं रंगवायची ती गणपतीच्या आधी, म्हणजे ऐन श्रावणात, बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत माजघरात आम्ही रोलर मारतोय. मी स्वतंत्र काम धरलं त्याच्या दुसऱ्या वर्षी एका ओळखीच्यांकडे गणपतीची खोली रंगवली, चिऱ्याची भिंत, प्लास्टर केलेलं, हात लावला तर थंडगार लागत होती. मला कळत होतं की ही भिंत सुकलेली नाही. पण मूर्ती यायला पाच दिवस राहिले होते आणि नाही म्हणायची हिंमत झाली नाही. पुट्टी भरली, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारला, छान पिवळसर रंग लावला, चतुर्थीला खोली सुंदर दिसली. अनंत चतुर्दशीपर्यंत मखराच्या मागच्या भिंतीवर लिंबाएवढे फोड आले होते, बोट लावलं की आतून पाणी यायचं. सगळं पुन्हा खरवडलं, दिवाळीनंतर माझ्या खर्चाने परत रंगवलं. इमल्शन म्हणजे पाण्यात तरंगणारे रेझिनचे बारीक कण, पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा तयार होतो. पाणी उडायला जागाच नसेल, बाहेर हवेत दमटपणा आणि आत भिंतीत ओल, तर तो पापुद्रा नीट बनत नाही आणि मागचं पाणी त्याला ढकलतं. तेव्हापासून मी कोकणातल्या लोकांना सांगतो, शक्य असेल तर मे महिन्यातच उरका, गणपतीच्या आधी नुसतं धुऊन पुसून घ्या. तुमचं पुण्यात ऑक्टोबरमध्ये आहे, हवा कोरडी, उन्हाचा ताप, त्यामुळे सुकण्याच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात.

सामानाची यादी छोटी ठेवा पण ब्रश आणि रोलर स्वस्तातला घेऊ नका. रंग भारी आणि रोलर ५० रुपयांचा असं लोक करतात आणि मग भिंतीवर केस चिकटलेले असतात. ९ इंची रोलर, गुळगुळीत भिंतीसाठी कमी लवीचा, एक सिलिंगसाठी आणि एक भिंतीसाठी. २ इंची ब्रश दोन, ४ इंची छोटा रोलर एक, रोलरला लावायचा लांब दांडा (हा घ्याच, याने शिडीवर चढउतार निम्म्याने कमी होतो आणि पाठही वाचते), पुट्टीचे पत्रे दोन, एक ४ इंची आणि एक ८ इंची, पॉलिश पेपर १२० आणि २२० नंबरचे, मास्किंग टेप चांगल्यातला, आणि जुन्या सुती चादरी, साड्या जेवढ्या मिळतील तेवढ्या. जमिनीवर प्लास्टिक अंथरू नका, एक तर पाय घसरतो आणि दुसरं म्हणजे थेंब त्याच्यावर ओलाच राहतो, तो चपलेला लागून घरभर फिरतो. सुती कापड थेंब पिऊन टाकतं. विट्रिफाइड टाइल असेल तर थेंब नंतर ओल्या फडक्याने निघतोही, पण शहाबादी किंवा कोटा असेल तर डाग आत मुरतो, तिथे दोन थर अंथरा.

रंग किती लागेल याचा हिशोब दुकानदारावर सोडू नका. १० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट धरली तर चारी भिंतींचा घेर ४४ फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८ चौरस फूट. दार आणि खिडकी वजा करा, साधारण ३८० उरतात. सिलिंग १२० वेगळं. बऱ्यापैकी इमल्शन दोन हातांना लिटरमागे ६० चौरस फुटाच्या आसपास जातं, म्हणजे एका खोलीच्या भिंतींना साडेसहा लिटर जवळपास. दोन्ही बेडरूमला एकच रंग ठेवलात तर १३ लिटर, म्हणजे १० चा एक डबा आणि ४ चा एक, थोडा टच-अपला उरतो. दोन बेडरूमला दोन वेगळे रंग घेतले की डबे वेगळे, रोलर धुणं वेगळं, कडा रंगवायचा ब्रश वेगळा, अख्खा अर्धा दिवस त्यात जातो. तुम्हाला घाई आहे तर एक रंग घ्या, आणि हवं तर पलंगामागची एकच भिंत नंतर कधी वेगळी करा. सिलिंग सगळीकडे पांढरंच. आणि एकाच रंगाचे दोन डबे आणलेत तर मोठ्या बादलीत दोन्ही एकत्र ढवळून घ्या, मशीनवर टिंट केलेल्या दोन डब्यांत एखादा थेंब इकडे तिकडे होतो आणि मग भिंतीच्या मधोमध फरक दिसतो.

शेड कार्डवरून रंग फायनल करू नका एवढंच म्हणेन, एक लिटर आणा, दोन फूट बाय दोन फुटाचा पॅच मारा, सकाळी खिडकीच्या उजेडात आणि रात्री ट्यूबखाली दोन्ही वेळा बघा. सुकल्यावर इमल्शन थोडं गडद होतं. लाल आणि भडक पिवळा घेत असाल तर तीन हात धरून चला, ते रंग खालचं लवकर झाकत नाहीत. भिंती उंचसखल असतील तर मॅट फिनिश घ्या, चमकणारा रंग प्रत्येक खड्डा दाखवतो.

आता तयारीचा आठवडा. सुट्टीच्या आधीचा शनिवार-रविवार आणि मग रोज संध्याकाळी तासभर, बस.

शनिवारी पडदे, फ्रेम, घड्याळ, खिळे सगळं काढा. भिंतीवरचं जाळं, धूळ झाडून, मग ओल्या फडक्याने पुसा. मुलांनी बॉलपेनने काढलेली चित्रं असतील तर त्यावर विशेष लक्ष द्या, शाई इमल्शनमधून वर येते, तीन हात मारा तरी निळी रेघ दिसत राहते. त्याच्यावर तेवढ्यापुरता ऑइल प्रायमरचा पातळ हात मारून सुकवला की ती दबते. पाण्याचा जुना पिवळा डाग, तंबाखूचा डाग, सगळ्यांना हेच. पोपडे ४ इंची पत्र्याने खरवडा, आणि जिथे आवाज पोकळ येतोय तिथेही उचकटा, चांगला वाटणारा रंग सोडून देण्याचा मोह होतो पण पत्र्याच्या टोकाने सहज सुटतोय म्हणजे तो मेलेलाच आहे. बारीक चिरा पत्र्याच्या कोपऱ्याने जराशा रुंद करा, आतली धूळ ब्रशने काढा आणि मग भरा. नुसती वरून पुट्टी फासली तर सहा महिन्यांत तीच चीर पुन्हा हसते.

पुट्टी कुठली, हे विचारतातच सगळे. सिमेंटची पांढरी पुट्टी उघड्या प्लास्टरवर उत्तम, पण जुन्या रंगावर ती नीट धरत नाही. तुमच्याकडे बहुतेक भिंत चांगली आहे, फक्त पॅच आहेत, तर तयार अॅक्रिलिक पुट्टीची बादली आणा, पाणी मिसळायची भानगड नाही, उरली तर झाकण लावून ठेवता येते. ज्या जागी खरवडून थेट प्लास्टर लागलंय तिथे आधी प्रायमरचा हात मारून घ्या. मग पुट्टी पातळ थरात, ८ इंची पत्रा भिंतीला जवळपास आडवा धरून ओढायची. खोल खड्डा एकाच थरात भरू नका, वरून सुकतो आणि आत ओला राहतो, मग आक्रसून मध्ये खळगा पडतो. संध्याकाळी पहिला थर, दुसऱ्या संध्याकाळी दुसरा. नव्या बिल्डिंगमध्ये जिप्सम प्लास्टर असेल तर त्याला पुट्टीची फारशी गरजच नसते, प्रायमर मारा आणि रंगाकडे वळा, उगाच बॅगा आणू नका.

घासताना एक करा. खोलीचा दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च भिंतीला चिकटवून, सपाट उजेड टाका. समोरून बघताना जी भिंत आरशासारखी वाटते तिच्यावर या उजेडात पत्र्याच्या रेघा, बोटभर उंचवटे, राहिलेली चीर, सगळं सावलीसकट दिसतं. पेन्सिलीने तिथे बारीक गोल करा आणि तेवढंच घासा. आधी १२० चा पेपर, मग २२० चा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांचे चर पडतात. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिलं हेच शिकवतो, कारण रंग लावल्यावर हा टॉर्च मारून काही उपयोग नसतो. नाकाला मास्क लावा, खोलीचं दार बंद करा, दाराखाली ओला टॉवेल टाका नाहीतर पांढरी धूळ अख्ख्या घरात आणि फ्रीजच्या मागे महिनाभर सापडत राहते. घासून झालं की झाडू, मग ओलसर फडकं. धुळीवर रंग बसत नाही.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या पॅचवर वॉटर बेस प्रायमर मारून टाका. हे लोक हमखास विसरतात. पुट्टीचा पॅच कोरडा भुकेला असतो, तो रंगातलं पाणी जास्त ओढतो आणि सुकल्यावर तेवढीच जागा निस्तेज दिसते, बाजूने बघितलं की भिंतीवर ढग आल्यासारखे दिसतात. त्याच संध्याकाळी दोन्ही बेडरूममधलं सामान खोलीच्या मधोमध ओढून चादरीने झाकून घ्या, भिंतीपासून निदान तीन फूट जागा सुटली पाहिजे. गाद्या हॉलमध्ये, पहिले दोन दिवस सगळे हॉलमध्ये झोपा, मजा येते मुलांना. वर चढून काम करायचंय त्यामुळे पंख्याच्या बटणावर टेपची आडवी पट्टी मारून ठेवा, कोणीतरी सवयीने बटण दाबतं आणि तुम्ही स्टुलावर असता. स्विचबोर्डच्या प्लेटी काढणार असाल तर मेन बंद करूनच, नाहीतर नुसता टेप लावून भागवा. खिडकीच्या काचांना टेपऐवजी वर्तमानपत्राच्या पट्ट्या पाण्यात बुडवून चिकटवा, अर्धा दिवस छान धरतात आणि नंतर ओढल्या की निघतात.

पहिल्या दिवशी फक्त सिलिंग. सकाळी आठला पहिल्या बेडरूमचं सिलिंग, पहिला हात, तासाभरात होतं. तिथून दुसऱ्या बेडरूमचं. तेवढ्यात अकरा वाजतात. रंगाला दोन हातांमध्ये चार ते सहा तास द्यायचे असतात, तर मधल्या वेळात जेवा आणि हॉलमधली पुट्टी घासायची राहिली असेल तर ती घासा. दुपारी तीननंतर पहिल्या खोलीचा दुसरा हात, मग दुसऱ्या खोलीचा. एक खोली सुकत असताना दुसरीत काम, हीच सगळी युक्ती आहे, एकाच खोलीत बसून सुकायची वाट बघणाऱ्याचे दिवस फुकट जातात. दुसऱ्या दिवशी भिंती, अगदी याच क्रमाने. तिसऱ्या दिवशी सकाळी बेडरूमचं सामान जागेवर, भिंतीला अजून टेकवायचं नाही, सहा इंच लांब. मग हॉलचं जे हलतं ते बेडरूममध्ये, आणि हॉलचं सिलिंग दोन हात. चौथ्या दिवशी हॉलच्या भिंती.

किचन मी मुद्दाम यात धरलं नाही. फोडणीचा तेलकट थर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचं लिक्विड घालून दोनदा धुवावा लागतो, मग साध्या पाण्याने, मग सुकवायचं. तेलावर रंग लावला की तो माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाकतो. त्यात चार दिवस स्वयंपाकही तिथेच करायचाय. दिवाळीनंतरचा एक रविवार त्याला द्या.

आता प्रत्यक्ष हात कसा मारायचा. दोघं आहात हे फार चांगलं आहे, एकाने कटिंग करायचं आणि दुसऱ्याने मागून लगेच रोलर. कटिंग म्हणजे सिलिंगची कड, कोपरे, दाराची चौकट, स्कर्टिंग, बोर्डच्या कडा, जिथे रोलर पोचत नाही तिथे ब्रशने दोन इंचाची पट्टी. खूप जण आधी पूर्ण खोलीचं कटिंग करून ठेवतात आणि मग रोलर घेतात, तोवर पट्टी सुकलेली असते, मग रोलर तिच्यावरून गेला की दोन थर दिसतात, खोलीभर फोटोफ्रेमसारखी चौकट. म्हणून एका वेळी एकच भिंत, कटिंग झालं की पाच-दहा मिनिटांत रोलर, ओल्याला ओलं मिळालं पाहिजे.

ब्रश रंगात एक तृतीयांशच बुडवा, डब्याच्या आत दोन्ही बाजूंनी हलकं आपटा, काठावर ओरबाडू नका. मग रेषेपासून अर्धा-एक इंच लांब ब्रश टेकवा, तिथे जास्तीचा रंग सोडा, आणि मग हळूहळू रेषेकडे सरकत एका दमात हातभर ओढा, श्वास रोखून ओढलं की हात थरथरत नाही. आमच्या मिस्त्रींनी मला पहिले दोन महिने टेप हातातच घेऊ दिली नव्हती, चुना मारलेल्या मागच्या भिंतीवर पाण्याने कटिंग करायला लावायचे, पाण्याची रेघ सुकली की परत. तुम्हाला तेवढा वेळ नाही, तुम्ही टेप वापरा, पण टेपची कड नखाने घट्ट दाबा आणि शेवटचा हात अजून जरासा ओला असतानाच ४५ अंशात मागे ओढून काढा. पूर्ण सुकल्यावर काढलीत तर रंगाचा पापुद्रा सोबत येतो.

रोलर पहिल्यांदा वापरायच्या आधी टेपवर फिरवून सुटी लव काढून टाका, पाण्याने भिजवून झटका. ट्रेमध्ये रंग कमी घ्या, रोलर बुडवून जाळीवर चार-पाच वेळा फिरवा, उचलल्यावर थेंब पडता कामा नये. भिंतीवर तीन फूट रुंदीत आधी इंग्रजी डब्ल्यूसारखा फिरवा, मग त्यातली जागा आडवी-उभी भरा, आणि शेवटी जोर न लावता वरून खाली सरळ ओळी काढा, सगळ्या एकाच दिशेने. कानाने काम करा हवं तर. रोलरमध्ये बरोबर रंग असेल तेव्हा मऊ चिकट आवाज येतो, कोरडा पडला की चरचर येते. चरचर ऐकू आली की दाबू नका, बुडवा. कोरडा रोलर दाबून दाबून रंग काढणं हीच नवख्यांची सगळ्यात मोठी चूक, त्याने कडेला रेघा येतात आणि थर कुठे जाड कुठे पातळ. सुकायला लागलेल्या जागी डाग दिसला म्हणून परत रोलर फिरवायला जाऊ नका, सोडा, दुसऱ्या हातात जातो.

पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच, मापाने. पातळ केलं की हात पटकन चालतो, रंग पुरतो, पण झाकत नाही, मग तिसरा हात लागतो, म्हणजे वेळही गेला आणि रंगही. कामगार लावलात कधी तर तिथेही हेच बघा, समोर उभं राहून पाणी किती टाकतायत ते बघण्यात लाज वाटून घेऊ नका. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा लवकर सुकतात आणि ओघळ येत नाहीत. रंगवताना पंखा बंद, ऑक्टोबरच्या दुपारी पंख्याखाली रंग रोलरच्या मागेच सुकतो आणि जोड दिसतात. भिंत पूर्ण झाली की मग खिडक्या उघडा, पंखा लावा. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर त्यांना ते चार दिवस नातेवाइकांकडे पाठवा, रंग वासाचा नाही असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी.

जेवणाच्या सुट्टीत रोलर धुवत बसू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून हवा काढून ठेवा, रात्रभरही राहतो. फक्त शेवटच्या दिवशी धुवा, आणि धुण्याआधी पत्र्याच्या पाठीने त्यातला रंग डब्यात ओरबाडून घ्या, पावशेर तरी निघतो. उरलेला रंग गटारात ओतू नका.

रंग हाताला दोन-तीन तासांत कोरडा लागतो पण आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर भिंत ओल्या फडक्याने पुसायची नाही, कॅलेंडर चिकटवायचं नाही, पलंगाची पाठ टेकवायची नाही. दिवाळीच्या माळा टेपने चिकटवणार असाल तर नव्या भिंतीवर अजिबात नको, खिडकीच्या ग्रिलला बांधा. आणि उरलेल्यातला पाव लिटर रंग काचेच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, वर शेडचा नंबर, कंपनी, खोली आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवा. सोफा सरकवताना ओरखडा गेला तर तीन वर्षांनीही कामाला येतो. टच-अप मात्र त्या ४ इंची रोलरनेच करा, ब्रशने केलेला ठिपका दारातूनच दिसतो.